आपाकाकांची चाल

मी काढलेला पहिला चेंडू खाली पडायलाच तयार नव्हता. चोवीस कागदांवर चोवीस चेंडू काढले होते, आधी वरून खाली, मग खालून वर. पण गठ्ठा अंगठ्याखालून भरभर सोडला की तो हवेतून असा उतरायचा, जशी कुणी विहिरीत घागर जपून सोडतंय. लोर्डेस टीचरनी तो गठ्ठा एकदा सोडून पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला, चष्मा काढून फ्रॉकच्या टोकाला पुसला आणि तिसऱ्यांदा पाहून म्हणाल्या, "बाय, हो चेंडू न्हय गो. हें कोंबयेचें पीस." वर्गातली बाकीची सहा मुलं हसली. त्यांचेही चेंडू पडत नव्हतेच, पण माझा आधी तपासला गेला, त्यामुळे पीस माझ्या नावावर लागलं. दहा दिवस घरी वस्तू खाली टाकायच्या, नुसत्या बघायच्या आणि कागदाला हात लावायचा नाही, हा माझा ॲनिमेशनचा पहिला गृहपाठ.

वर्ग म्हापशाच्या बस स्टँडमागे, चपलांच्या दुकानाच्या माडीवर भरायचा. खाली नव्या रबराचा वास, वर पेन्सिलीच्या भुशाचा. पाटीवर 'कंप्युटर ॲनिमेशन' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि कंप्युटर होताही, एक. त्याच्यावर टीचरनी क्रोशाचं आवरण घातलं होतं आणि आवरणावर फुलदाणी ठेवली होती. कुणी फुलदाणीकडे आशेनं बघितलं की त्या म्हणायच्या, "पेन्सिल तुमचें आयकना, मगे तें यंत्र कित्याक आयकतलें?" टीचरनी मुंबईत वीसेक वर्षं जाहिरातींची कार्टून काढली होती. साबणाचे फेस, नाचणारे दात, घरात शिरणारे डास. "म्हजे डास फेमस आशिल्ले," असं त्या अगदी गंभीरपणे सांगत. मी आजही नव्या मुलांना पहिले दहा दिवस वस्तू खाली टाकायला लावते, आणि ती आपापले महागडे टॅब्लेट छातीशी धरून माझ्याकडे संशयानं बघतात.

हळर्णला आमची गिरण होती. घराला लागूनच, मधे फक्त एक भिंत. गिरण सुरू झाली की स्वयंपाकघरातली भांडी आपोआप किणकिणायची आणि बंद झाली की सगळ्यांना एकदम बहिरं झाल्यासारखं वाटायचं. बाबा जन्मभर त्या आवाजावर मात करत बोलले, त्यामुळे गिरण बंद असतानाही ते ओरडूनच बोलायचे. "मीठ दी गो!" हे ते आईला असं सांगत की शेजारच्या काकीनं मीठ आणून द्यावं. आणि एकदा तिनं खरंच आणून दिलंही होतं.

काकी म्हणजे आपाकाकांची बायको. आपाकाका बाबांचे थोरले भाऊ, अंगणाच्या पलीकडच्या घरात राहायचे. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घरातले सगळे निर्णय त्यांच्याकडे जायचे आणि ते निर्णय छापील मराठीत परत यायचे. राग आला तरच ते आपल्या गावच्या बोलीवर घसरत, म्हणून ते बोलीत बोलायला लागले की आम्ही पोरं पसार व्हायचो. माझ्या वर्गाची जाहिरात त्यांनीच वर्तमानपत्रात पाहिली होती. 'ॲनिमेशन' हा शब्द त्यांनी सोडून दिला आणि 'कंप्युटर' या शब्दाखाली पेनानं रेघ मारली.

"सहा महिने," ते म्हणाले. "गणपतीपर्यंत. तोवर नोकरीचं काही चिन्ह दिसलं तर उत्तम. नाहीतर डी.एड.चा फॉर्म मी स्वतः भरीन."

"दादा म्हणता तें बरोबर!" बाबा ओरडले.

मला मास्तरीण व्हायचं नव्हतं. काय व्हायचं होतं तेही नीट माहीत नव्हतं. पण हातातला कागद हलतो, हे एकदा कळल्यावर तो हलायचा थांबेल अशा ठिकाणी मला जायचं नव्हतं.

तर, वस्तू खाली टाकणं. ते काम मी आईला लावलं, कारण टाकणाऱ्याला बघता येत नाही. दुपारी पेज जेवून झाली की आई स्टुलावर उभी राहायची आणि मी अंगणात उकिडवी बसायची. लिंबू टाक, ओलं फडकं टाक, कणकेचा गोळा टाक. कणकेचा गोळा जमिनीवर बसला की पसरट व्हायचा आणि तसाच राहायचा. लिंबू जरासं दबून पुन्हा गोल होऊन उडायचं. नारळ मात्र दबायचाही नाही आणि उडायचाही नाही, त्याऐवजी अंगण दबायचं. तीन दिवसांनी वाड्यावरच्या दोघी बायका कुंपणापाशी उभ्या राहून बघू लागल्या. त्यांतली एक आईला हळूच म्हणाली, "पोरीची दीठ काडटा गो? लिंबू तीनदां नाका, सातदां उडय." आईनं त्यांचा विरस नको म्हणून सातदा टाकलं. मला चार जादा वेळा बघायला मिळालं. आणि त्या सातव्या खेपेला मला दिसलं की लिंबू वरच्या टोकाला जवळजवळ थांबतं आणि खाली येताना अंतरं गिळत येतं. दहा दिवसांची अट विसरून मी घरात पळाले. वर चेंडू दाटीवाटीनं काढले, खाली लांबलांब. गठ्ठा सोडला. चेंडू पडला, आपटला, उडाला. मी इतकी मोठ्यानं ओरडले की बाबांनी गिरण बंद केली.

चित्राखाली उजेड लागतो, म्हणजे खालच्या कागदावरचं वरच्या कागदावर दिसतं. वर्गात त्यासाठी खास मेज होतं. घरी मी मेजाचा खण काढला, त्यात दिवा बसवला आणि वर काच ठेवली. ती काच आई-बाबांच्या लग्नाच्या फोटोची होती. ती काढताना मी दोघांना विचारलं होतं असं मला आठवतं. त्या दोघांना तसं आठवत नाही. वर्षभर ते भिंतीवर काचेविना उभे होते आणि गिरणीतलं पीठ उडून बसत बसत दोघंही लग्नातच पिकलेल्या केसांची दिसू लागली होती.

मग पोतं आलं. अर्धं भरलेलं पिठाचं पोतं काढायचं आणि त्याला हात, पाय, तोंड काही न देता ते आनंदी, रुसलेलं, दमलेलं दिसलं पाहिजे, हा जगभर ॲनिमेशन शिकणाऱ्यांचा धडा आहे. बाकीच्या मुलांनी उशीवर भागवलं. माझ्याकडे गिरण होती. मी पोती भिंतीला टेकवून, वाकवून, कोपऱ्यात तोंड करून बसवत असे, आणि गिऱ्हाइकं आपलं पोतं शोधत यायची. पार्स्याहून येणारे एक म्हातारे आपल्या नाचणीच्या पोत्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि बाबांना म्हणाले, "ह्येचां काय झालां रे? पोटात दुखतां काय?" मला त्या दिवशी सोन्याचा हार मिळाल्यासारखं वाटलं. मे महिन्यात मिरची दळायला यायची तेव्हा शिंकांचा धडा झाला. शिंकण्याआधी माणूस मागे जातो, डोळे बारीक करतो, जगाकडे तक्रार असल्यासारखा वर बघतो, आणि मगच पुढे फुटतो. ते मागे जाणं नसेल तर शिंक खरी वाटत नाही. मी गिरणीच्या जनेलात, म्हणजे खिडकीत, वही घेऊन बसायची. लोक शिंकायला लागले की माझ्याकडे पाठ करत.

चालणं शेवटी आलं. "चालणें काडूंक येता तो ॲनिमेटर," टीचर म्हणाल्या, "बाकीचे सगळे चित्रकार." अट अशी की चेहरा काढायचा नाही. पोत्याला दोन पाय लावायचे, हवे तर दोन हात, आणि नुसत्या चालण्यावरून माणूस कुठला, कसला ते कळलं पाहिजे. शिवाय या खेपेला बघायला फक्त आम्ही नव्हतो. टीचरच्या मुंबईच्या एका जुन्या सहकाऱ्यानं पुण्यात स्टुडिओ काढला होता, त्याला शिकाऊ मुलं हवी होती, आणि आमची चालणी त्याच्याकडे पाठवली जाणार होती. गणपतीला दोन महिने उरले होते. माझ्या कपाटाच्या खणात डी.एड.चा कोरा फॉर्म येऊन पडला होता. तो आपाकाकांनी आगाऊ आणून ठेवला होता.

बाबा दिवसभर एका जागी उभे असत, त्यामुळे ते बाद. आई इतकी भराभर चालायची की एकाच वेळी दोन खोल्यांत असावी. पाव घेऊन येणारा पोदेर सायकलवरून उतरायचाच नाही. मग एका सकाळी मी जनेलात बसून पोई पावाचा तुकडा चहात बुडवत होते आणि अंगणातून आपाकाका वर्तमानपत्र आणायला निघाले, आणि पोई चहात बुडाली ती बुडालीच. इतकी वर्षं मी त्यांना बघत होते, पण चालताना पाहिलंच नव्हतं. आधी पोट निघायचं. अर्ध्या पावलाच्या अंतरानं छाती. हात मागे बांधलेले, डावं पाऊल बाहेर फेकलेलं, जणू रस्त्याला सांगतंय की बाजूला हो. आणि दर चौथ्या पावलाला मान उजव्या खांद्यावरून मागे वळायची आणि परत पुढे यायची. मागे कुणीच नसायचं. मी मनाशी ठरवलं की ही साहेबी. वीस वर्षं मागून फायली घेऊन शिपाई चालला असेल, तो येतोय की नाही ते बघायची सवय. म्हणून पोत्याचं वरचं टोक मान म्हणून वळवताना मी ते हनुवटीसारखं जरासं वर उचललं. आठ दिवस रोज सकाळी बघून मी ते पोतं काढलं. ते इतकं आपाकाका होतं की मलाच त्याच्यासमोर पाय पसरून बसायला लाज वाटू लागली.

ते कुणाला दाखवायचं असं माझ्या मनात नव्हतं. म्हणजे पुण्याच्या अनोळखी माणसाला, आणि टीचरना, एवढंच. पण टीचरनी एका रविवारी आई-वडिलांना बोलावलं. त्या दिवशी गिरणीला गर्दी, आणि आईला बस लागते, तेव्हा आपाकाका म्हणाले, "मी जातो. पाहणीही होईल." पांढरी पँट, खिशाला पेन. वर्गात ते मागच्या रांगेत जनेलाजवळच्या कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, बसले, वारा यावा म्हणून. टीचरनी आमची चित्रं कॅमेऱ्यानं टिपून ठेवली होती, ती लावली आणि एकेकाचं चालणं टीव्हीवर दिसू लागलं. माझं लागलं आणि लोक हसले. चालणं गोल फिरवून लावलेलं असतं, सगळी चित्रं संपली की पुन्हा पहिलं, त्यामुळे पोतं चालतच राहतं. लोक हसतच राहिले. आपाकाकाही हसत होते. "कोणीतरी फार गर्विष्ठ गृहस्थ दिसतात," असं ते शेजारच्या बाईंना म्हणाल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

तिथंच संपलं असतं. पण टीचरना वाटलं की सर्वांत ज्येष्ठ पालकांनी दोन शब्द बोलावेत, आणि टीव्ही बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. आपाकाका उठले. हात मागे बांधले. मधल्या वाटेनं पुढे निघाले, आणि समोर टीव्हीवर पोतंही निघालं. एक, दोन, तीन, आणि चौथ्या पावलाला दोघांनी एकदम मागे वळून पाहिलं.

असं हसणं मी पुढे आयुष्यात कुठल्याच थिएटरात ऐकलं नाही. एक बाप कदेलवरून खाली गेला. कुणाची तरी आई उभी राहून ओरडली, "अगो, हें तेंच पोतें!" आपाकाका थांबले. त्यांनी आपली पँट पाहिली, मग लोकांकडे पाहिलं, मग सगळे जिकडे बघतायत तिकडे पाहिलं. पोतं आठ-दहा पावलं चाललं तेवढा वेळ ते बघत उभे होते. मग टीचरकडे वळून स्वच्छ मराठीत म्हणाले, "प्रगती समाधानकारक आहे." आणि परत जाताना मधल्या वाटेनं न जाता भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखे आडवे सरकत आपल्या जागेवर गेले.

बसमध्ये ते माझ्यापासून चार बाकं पुढे बसले. हळर्णला उतरल्यावर, वाटेवर कुणी नाही असं पाहून, त्यांनी विचारलं, "ते पोतं कोण होतं?"

"कुणी नाही, आपाकाका. नुसता अभ्यास."

"अभ्यास चांगला झालाय," ते म्हणाले. त्यांनी बोलीत रागावलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर्तमानपत्र आणायला निघाले आणि उंबऱ्याबाहेर येऊन थांबले. पाय उचलला, खाली ठेवला. दुसरा उचलला. मग चालू लागले, तर उजवा पाय आणि उजवा हात एकदमच पुढे येत होता. टीचरनी आम्हाला सांगितलं होतं की माणूस आपल्या चालण्याचा विचार करायला लागला की असं होतं. पण ते मी कागदावरच्या माणसांबद्दल समजले होते. आपाकाकांना आता कळेना की हात कुठे ठेवायचे. मागे बांधले की पोतं आठवे, सोडले की ते लोंबकळत. मान वळायला लागली की ते ती हातानं धरत. चार दिवसांत गावात बातमी झाली की आपांना वारं लागलं. बाबांनी त्यांना पेडण्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनी गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्याला गुदगुल्या केल्या आणि शक्तीच्या गोळ्या दिल्या. परत येताना आपाकाका गिरणीच्या पायरीवर अडखळले आणि तांदळाच्या पोत्यांवर आडवे झाले. बाबा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "सुची," ते मला म्हणाले, "कितें केलंस गो तू?"

मी रडले. मग पुण्याहून टीचरना निरोप आला की पोतं फार आवडलं, आणखी एक चाचणी द्या, या खेपेला दोघांचं चालणं हवं, तर त्या आनंदातही रडले. कारण पुण्याला पाठवायचं की नाही हे ज्यांनी ठरवायचं, त्यांना अंगण ओलांडता येत नव्हतं, आणि ते माझ्यामुळे.

एका दुपारी ते भिंतीचा आधार घेत घेत आले. "सुचिता," त्यांनी पूर्ण नावानं हाक मारली. "चालणं म्हणजे नक्की काय असतं?"

मी सांगितलं. पाय टेकतो, गुडघा दबतो, दुसरा पाय ओलांडून पुढे येतो, अंग वर उठतं. चार गोष्टी, पुन्हा पुन्हा.

"ठीक. मग मला एक चाल काढून दे. सभ्य. पोट आत. मान सरळ. कुणाला हसता येऊ नये अशी."

मी बारा चित्रं काढून गिरणीच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवली. गिरण बंद असायची त्या वेळात, दुपारी, आपाकाका अंगणात उभे राहत आणि मी टाळ्या वाजवून सांगत असे, "टेका, दबा, ओलांडा, उठा." जनेलातून आई-बाबा आणि कुंपणापलीकडून त्या दोघी बायका बघत. आठ दिवसांत आपाकाका चालू लागले. कुणीतरी चाकांवर ठेवून ढकलत असलेल्या पुतळ्यासारखे चालायचे, पण चालायचे. मान नाकाच्या रेषेत. ते खूश होते. "पुण्याचं बघू," असं त्यांनी एकदा आपणहून म्हटलं, आणि मी खणातला डी.एड.चा फॉर्म वहीच्या खाली सरकवला.

मग शुक्रवार आला. दर शुक्रवारी आपाकाका आणि काकी म्हापशाच्या बाजाराला जात. त्या दिवशी सकाळी नव्या चालीनं ते काकीला घेऊन गेले, आणि साडेबाराच्या बसनं नव्या चालीनं परत आले. बाबा गिरणीच्या दारात उभे होते.

"दादा, वयनी खंय?"

"ही काय, मागे," आपाकाका म्हणाले, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मागे वळले. मागे रस्ता होता.

त्यांचा चेहरा मी कधीही काढू शकले नाही. ते तसेच परत बस थांब्याकडे निघाले, हात कुठे, पोट कुठे, काही भान नव्हतं. अर्ध्या वाटेतच पुढची बस आली आणि काकी उतरली. काकी चार फूट दहा इंच. एका हातात कांद्यांची माळ, दुसऱ्यात सुकटीची आणि मिरचीची पिशवी, काखेत दोन केरसुण्या. ती आपाकाकांच्या शेजारून गेली आणि सरळ आमच्या अंगणात आली.

"खंय ती चित्रां?" तिनं विचारलं. भिंतीवर दिसली. तिनं कांद्यांची माळ माझ्या गळ्यात घातली, हात मोकळे केले आणि बाराच्या बारा चित्रं उतरवून फाडली. आपाकाका मागून धापा टाकत आले.

"मला वाटलं तू मागे आहेस," ते म्हणाले.

"वाटलां! पस्तीस वर्सां मान वळोवन पळयतात, आनी ह्या शुक्राराक तुमकां वाटलां! अर्दो बाजार मी हांक मारीत धांवलंय. हो मनीस आपलो नाक फुडें करून खांबासारखो चललो, बशीत चडलो, बस गेली!" मग माझ्याकडे वळून, "तुका कोणें सांगिल्लें गो, मान सरळ कर म्हणून? माझे पाय बारीक, ह्यांचे लांब. लग्न झालां तेन्ना पयल्याच दिसा देवळात वतना मी मागां रावलंय आनी हरवलंय. तेन्नाच्यान ही मान वळता. मी नसलंय तरी वळता. तीच तूं काडून उडयलंस!"

 मी कांद्यांच्या माळेसकट उभी होते. आठ दिवस मी त्या मानेकडे बघितलं होतं आणि शिपाई पाहिला होता. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती दोघं देवळाला निघाली तेव्हा मी जनेलात बसले. आपाकाकांचे हात आपोआप मागे गेले होते. डावं पाऊल बाहेर. चौथ्या पावलाला मान वळली, आणि हनुवटी वर उचलली जात नव्हती. ती खाली येत होती, काकी असते तेवढ्या उंचीपर्यंत. इतकी साधी गोष्ट, आणि मी ती उलटी काढली होती. पुढच्या आयुष्यात माझी कामं परत आली, नाकारली गेली, एकदा तर एका साहेबानं ती सगळ्यांसमोर टेबलाखाली टाकली. पण त्या शनिवारइतकी खजील मी कधी झाले नाही.

पुण्याच्या चाचणीसाठी मी दोन पोती काढली, एक मोठं, एक छोटं. मोठ्याच्या चार पावलांत छोट्याची सात पडतात. मोठं वळून बघतं, त्या क्षणापुरतं जरासं मंद होतं, छोटं तेवढ्यात दोन पावलं वसूल करतं. चाळीस चित्रं लागली. टीचरनी गठ्ठा सोडून पाहिला. मग त्याला दोऱ्यानं बांधलं, पाकिटात घातलं आणि स्वतः पोस्टात नेऊन दिलं. गणपतीला तीन आठवडे असताना पुण्याहून पाकीट परत आलं. आत चित्रं आणि एक पत्र. सोमवारपासून या, राहायची सोय मुलींच्या वसतिगृहात होईल, असं त्यात लिहिलं होतं.

पत्र आपाकाकांनी गिरणीच्या पायरीवर उभं राहून मोठ्यानं वाचलं. सगळं वाचून घडी घातली, पुन्हा उघडली. "पुणे लांब आहे," ते म्हणाले. "विचार करावा लागेल." बाबा 'दादा म्हणता तें बरोबर' म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात आतून काकी आली. ती तांदळाचं पीठ न्यायला आली होती, कोपरापर्यंत पांढरी.

"पत्र ऱ्हांव दी. चित्रां खंय तीं?" तिनं गठ्ठा घेतला, पायरीवर बसली आणि अंगठ्याखालून सोडला. मोठं पोतं चाललं, वळलं, छोटं धावलं. तिनं पुन्हा सोडला. "माझी पिशवी उजव्या हातात आसता," ती म्हणाली. पुन्हा सोडला. आपाकाका तिच्या डोक्यावरून वाकून बघत होते आणि दर खेपेला मोठं पोतं वळायच्या वेळी त्यांचीही मान नकळत हलत होती. पाचव्या की सहाव्या वेळेला तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"अगो, पण हीं खंय पावतत?"

"कुठेच पोचत नाहीत, काकी. तिथल्या तिथंच चालतात. चालण्याचा धडा तसाच असतो."

"कितलो वेळ?"

"कितीही."

काकीनं गठ्ठा माझ्या हातात दिला. मग आपाकाकांच्या हातातलं पत्र ओढून घेतलं आणि तेही माझ्या हातात दिलं. "मगे पुण्याक वच," ती म्हणाली, "आनी ह्यांका खंय तरी पावय."

आपाकाकांनी खिशातून पेन काढलं. पत्र माझ्याकडून परत घेतलं, गुडघ्यावर ठेवलं, आणि कोपऱ्यात सवयीनं लिहिलं, 'हरकत नाही.' खाली पूर्ण सही केली, दोन रेघा ओढल्या. सहीच्या शेजारी काकीच्या अंगठ्याचा पिठाचा ठसा उमटला होता. पुसायला म्हणून त्यांनी रुमाल बाहेर काढला, क्षणभर त्याकडे पाहिलं, आणि रुमाल परत खिशात ठेवला.